टायमर इंटरप्टने एलईडी दर सेकंदाला लुकलुकत नाहीये, पण कधीतरी स्वतःहून बदलतो?!

नवशिका_बिट

नमस्कार मंडळी, दोन रात्री घालवल्यात म्हणून शेवटी इथे विचारतोय. अर्डुइनो उनो आहे, म्हणजे एटीमेगा३२८पी, १६ मेगाहर्ट्झ. आत्तापर्यंत सगळं डिले वापरून करायचो पण आता एकाच वेळी चार कामं करायचीत (एलईडी दर सेकंदाला, एका पोटेन्शिओमीटरचं रीडिंग दर १० मिलिसेकंदाला, बटण, आणि तापमानाचा सेन्सर दर २ सेकंदाला) आणि डिलेने सगळं अडकून बसतं म्हणून टायमर इंटरप्ट (वेळ झाली की चालू कोड थांबवून आपला छोटा कोड चालवतो तो) शिकायला घेतला.

आधी फक्त एलईडीच करून बघतोय. टायमर१, सीटीसी मोड (ठरलेल्या आकड्याला पोचून परत शून्य), प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) १०२४, ओसीआर१ए मध्ये (तो ठरलेला आकडा) १५६२४. हिशोब असा की १६०००००० भागिले १०२४ म्हणजे १५६२५, त्यातून एक वजा कारण मोजणी शून्यापासून. कंपाइल होतं, एरर नाही, वॉर्निंग नाही. पण एलईडी ढिम्म. गंमत म्हणजे अगदीच मेलेला नाहीये, कधीतरी चार-पाच मिनिटांनी एकदा स्वतःहून चालू होतो, मग परत पाच मिनिटांनी बंद! बोर्ड टेबलावर दुसरीकडे सरकवला तर तेही होत नाही. बोर्डच गेलाय का?

पुलअप

एलईडी उलटा लावलाय का बघा आधी :) (मी लावलेला आहे, तासभर कोड तपासत बसलो होतो)

नवशिका_बिट

बोर्डावरचाच आहे हो, १३ नंबरचा. ब्लिंकचं उदाहरण नीट चालतं.

शून्यएक

इंटरप्ट एनेबल केलाय का? टीआयएमएसके१ मध्ये ओसीआयई१ए बिट. आणि आयएसआरचं (इंटरप्ट आला की चालणाऱ्या फंक्शनचं) नाव बरोबर आहे ना, टायमर१_कॉम्पए_व्हेक्ट? तिथे स्पेलिंग चुकलं तर कंपायलर एरर देत नाही, फार तर एक वॉर्निंग देतो आणि ती अर्डुइनोच्या खिडकीत बहुतेकांना बंद असल्याने दिसतच नाही. मग इंटरप्ट आला की त्याला घर सापडत नाही आणि प्रोग्राम थेट रिसेट पत्त्यावर उडी मारतो, म्हणजे सेटअप पुन्हा पुन्हा चालत राहतं. सेटअपमध्ये सिरीयलवर काहीतरी छापून बघा, ते सारखं येतंय का.

नवशिका_बिट

छापून बघितलं, एकदाच येतं. ओसीआयई१ए पण आहे. नाव पण बरोबर.

रजिस्टरकाका

बोर्ड ठणठणीत आहे, लिहून देतो. मला दोनच गोष्टी सांगा. एक, टीसीसीआर१बी मध्ये (टायमर१ च्या सेटिंगचं रजिस्टर) व्हॅल्यू टाकताना तुम्ही = वापरलंय की |= ? दोन, बोर्डाच्या ५ नंबर पिनला एखादी वायर लटकतेय का?

नवशिका_बिट

काका तुम्ही माझ्या टेबलाखाली बसलायत का?? हो, ५ नंबरला फूटभर वायर आहे, बटणासाठी काढून ठेवलीय, बटण अजून जोडलेलं नाही. आणि हो |= वापरलंय. ज्या ट्युटोरियलमधून घेतलं तिथे आधी टीसीसीआर१ए = ० आणि टीसीसीआर१बी = ० अशा दोन ओळी होत्या, त्यातली दुसरी मी काढली, म्हटलं रिसेट झाल्यावर रजिस्टर शून्यच असतं ना, कशाला फालतू ओळ.

रजिस्टरकाका

रिसेट झाल्यावर शून्य असतं हे खरंच आहे. पण अर्डुइनोमध्ये तुमचं सेटअप चालायच्या आधी त्यांचं स्वतःचं इनिट चालून गेलेलं असतं, आणि ते तिन्ही टायमर पीडब्ल्यूएमसाठी (पिन भराभर चालू-बंद करून कमी-जास्त व्होल्टेजचा भास) तयार करून ठेवतं. म्हणजे टायमर१ तुमच्या हातात येतो तेव्हा टीसीसीआर१बी मध्ये सीएस११ आणि सीएस१० हे दोन बिट आधीच १ असतात, म्हणजे प्रीस्केलर ६४. त्यावर तुम्ही |= ने सीएस१२ आणि सीएस१० चढवलेत. |= जुनं काही पुसत नाही, त्यामुळे तिन्ही बिट १ झाले. आता डेटाशीटमध्ये क्लॉक सिलेक्टचा तक्ता उघडा आणि १११ समोर काय लिहिलंय ते बघा: बाहेरचा क्लॉक, टी१ पिनवरून, रायझिंग एजला. टी१ म्हणजे पीडी५, म्हणजे अर्डुइनोची ५ नंबरची पिन.

म्हणजे तुमचा टायमर १६ मेगाहर्ट्झचा स्वतःचा क्लॉक सोडून त्या लटकत्या वायरकडे बघत बसलाय. ती वायर अँटेनासारखी आजूबाजूच्या मेन्सच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, केबलची घूं घूं पकडते. ५० हर्ट्झ मेन्स असेल तर सेकंदाला ५० एज, आणि तुम्हाला हव्यात १५६२५. भागा. ३१२.५ सेकंद, सव्वापाच मिनिटं. बोर्ड सरकवलात, केबलपासून लांब गेला, मोजणी थांबली. ती काढलेली ओळ परत घाला.

लॉजिकगेट

😂😂 मेन्सवर चालणारं घड्याळ बनवलंत की, तेही नकळत

तारेवरची

हे काका म्हणजे ना. मी पण याच खड्ड्यात पडले होते पण माझी पहिली ओळ गायब होती, टीसीसीआर१ए शून्य केलं नव्हतं. तिथे डब्ल्यूजीएम१० हा मोड ठरवणारा बिट अर्डुइनोने आधीच लावलेला असतो, त्यात आपण डब्ल्यूजीएम१२ मिळवला की सीटीसीच्या ऐवजी ८ बिटचा फास्ट पीडब्ल्यूएम मोड होतो, मोजणी २५५ ला पोचून परत शून्यावर, १५६२४ कधी येतच नाही. त्यामुळे नियमच करून टाकलाय, टायमरला हात लावायचा तर आधी दोन्ही रजिस्टर शून्य, काउंटर शून्य, मग बाकीचं.

नवशिका_बिट

चालला!!!! काका साष्टांग. ओळ घातली आणि लगेच टक टक टक.

आता पुढचं. एक सेकंदाच्या ऐवजी १ मिलिसेकंदाचा टिक केला (प्रीस्केलर ६४, ओसीआर१ए २४९) आणि आयएसआरमध्ये एक काउंटर वाढवतो, काउंटर १० ने भागला गेला तर अ‍ॅनालॉग रीड, १००० ने तर एलईडी, २००० ने तर तापमान वाचून सिरीयलवर छापतो, सगळं आयएसआरमध्येच. थोडा वेळ चालतं पण दर दोन सेकंदाला काहीतरी अडखळल्यासारखं होतं, आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचशी जुळवलं तर मागे पडत जातं. एका ठिकाणी डिले(१०) टाकून बघितला तर सगळंच गोठलं.

शून्यएक

आगीतून फुफाट्यात :) आयएसआरमध्ये संसार थाटलात तुम्ही.

असं बघा, एव्हीआरमध्ये (तुमची चिप याच घराण्यातली) आयएसआर सुरू झाला की हार्डवेअर स्वतःच बाकी सगळे इंटरप्ट बंद करतं, तुम्ही बाहेर पडेपर्यंत. त्या वेळात टायमर० चा इंटरप्ट, ज्याच्यावर मिलिस (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद देणारं फंक्शन) आणि डिले जगतात, तोही दाराबाहेर उभा. डिले आत वाट बघतोय की घड्याळ पुढे सरकेल, आणि घड्याळ वाट बघतंय की तुम्ही बाहेर याल. गोठणारच. (अगदी १ मिलिसेकंदाचा डिले कधीकधी निसटून जातो, १० चा नाही.)

छपाईचं पण तेच. ९६०० बॉडवर एक अक्षर जायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. ६४ बाइटचा बफर आहे तोवर छापलं की लगेच परत येतं असं वाटतं, पण बफर भरला की प्रत्येक अक्षरासाठी आत ताटकळत बसायचं. तुमचा टिकच १ मिलिसेकंदाचा आहे, म्हणजे वीस अक्षरांची ओळ म्हणजे वीस टिकचा उशीर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टायमरचा फ्लॅग (वेळ झाली ही खूण) एकच बिट असतो. तुम्ही आत असताना एक टिक आला तर तो लक्षात राहतो, पाच आले तरी एकच लक्षात राहतो. बाकी चार गेले. म्हणून घड्याळ मागे पडतं.

तारेवरची

तापमानाचा सेन्सर डीएचटी घराण्यातला असेल तर तो तर वेगळाच शत्रू. ४० बिट येतात, एकेका बिटाला साधारण ७६ ते १२० मायक्रोसेकंद, म्हणजे ३ ते ५ मिलिसेकंद, आणि त्या वेळात लायब्ररी इंटरप्ट बंद ठेवते कारण पल्सची लांबी मोजायची असते. आयएसआरच्या बाहेर काढलात तरी हे ३-४ टिक जाणार. रंगीत एलईडीच्या पट्ट्या ज्या एकाच डेटा वायरवर चालतात त्यांचंही असंच, एका एलईडीला २४ बिट म्हणजे ३० मायक्रोसेकंद, ६० एलईडी असले की १.८ मिलिसेकंद इंटरप्ट बंद. मिलिस पण मग मागे पडतो.

पुलअप

मग आयएसआरमध्ये करायचं तरी काय? फक्त एलईडी?

शून्यएक

काउंटर वाढवायचा आणि बाहेर पडायचं. बस. बाकी सगळं लूपमध्ये. घंटा वाजवणाऱ्याने तासही घ्यायचा नसतो, घंटा वाजवायची आणि जायचं.

नवशिका_बिट

हे पटलं. आयएसआरमध्ये आता फक्त टिक++ आहे. लूपमध्ये टिक बघून कामं वाटतो. व्होलाटाइल लावलंय, ते आधी लावलं नव्हतं तेव्हा लूपला टिक कधी बदललेला दिसायचाच नाही, शोधून सापडलं.

पण आता नवीन भूत. टिक १६ बिटचा अनसाइन्ड आहे. लूपमध्ये सारखा वाचतो आणि आधीच्या किमतीपेक्षा एकदम जास्त उडी दिसली तर छापतो. तर कधीतरी, मिनिटादोन मिनिटांत एखाद्या वेळी, २५५ च्या आसपास असताना एकदम ५११ दिसतो आणि लगेच पुढे २५६, २५७ असं बरोबर चालू. एकदा ५११ च्या जागी ७६७ पण आला.

रजिस्टरकाका

हे भूत नाही, हे ८ बिटचं प्रोसेसर असण्याचं भाडं आहे. १६ बिटची किंमत तो दोन घासात वाचतो, आधी खालचा बाइट मग वरचा. टिक २५५ असताना खालचा बाइट वाचला, तो २५५. नेमका त्याच क्षणी इंटरप्ट आला, टिक २५६ झाला, म्हणजे वरचा बाइट १ आणि खालचा ०. परत आल्यावर वरचा वाचला, १. आता तुमच्या हातात जुना खालचा आणि नवीन वरचा, २५६ अधिक २५५, बरोबर ५११. ७६७ चं पण तुम्हीच काढा आता, ५११ वरून ५१२ ला जाताना.

व्होलाटाइल याला काही करू शकत नाही. व्होलाटाइल फक्त कंपायलरला सांगतं की रजिस्टरमधल्या जुन्या कॉपीवर विसंबू नकोस, दर वेळी मेमरीतून वाच. अर्धवट वाचन थांबवणं त्याचं काम नाही. इंटरप्ट बंद करा, किंमत दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये कॉपी करा, इंटरप्ट चालू करा. मधल्या तीन-चार इन्स्ट्रक्शनने काही बिघडत नाही. बंद-चालूच्या मध्ये गणितं करू नका मात्र.

लॉजिकगेट

किंवा टिक ८ बिटचा ठेवायचा, तो एका इन्स्ट्रक्शनमध्ये वाचला जातो, इंटरप्ट बंद करायची गरजच नाही. लूपमध्ये ‘मागचा टिक’ स्वतःकडे ठेवायचा आणि वजाबाकी करायची, २५५ वरून ० वर गेला तरी वजाबाकी बरोबर येते, फक्त लूप २५५ मिलिसेकंदापेक्षा जास्त अडकला नाही पाहिजे. आणि उत्तर परत ८ बिटात कास्ट करायला विसरू नका नाहीतर सी मध्ये वजाबाकी इंटमध्ये होते आणि निगेटिव्ह येऊन सगळं बोंबलतं. एक मात्र आहे, लूपमधून टिक कमी किंवा शून्य करायचा नाही. आयएसआर लिहिणार, लूप फक्त वाचणार. लूपने टिक-- केलं तर वाचणं, कमी करणं, परत ठेवणं या तीन पायऱ्यांच्या मध्ये इंटरप्ट घुसला की एक टिक गायब.

जुनाखोड

एवढं सगळं वाचून एकच विचारतो, याला मिलिस का नको? दर सेकंदाला एलईडी, दर दोन सेकंदाला तापमान. मिलिस आतून टायमर इंटरप्टच आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

नवशिका_बिट

मिलिस ५० दिवसांनी शून्य होतो म्हणून...

जुनाखोड

४९.७ दिवस. होऊ दे की शून्य. आत्ताचा वजा मागचा असं अनसाइन्डमध्ये केलं की शून्य ओलांडतानाही उत्तर बरोबर येतं. ‘मागचा अधिक १००० पेक्षा आत्ताचा मोठा आहे का’ असं विचारलं की तिथे फसतं. लोक दुसरं लिहितात आणि दोष मिलिसला.

आणि मागचा = मिलिस असं लिहू नका, मागचा += १००० लिहा. पहिल्या पद्धतीत लूपला ३ मिलिसेकंद उशीर झाला की ते ३ पुढच्या फेरीत मुरतात आणि दर फेरीला साठत जातात.

रजिस्टरकाका

जुनाखोड म्हणतात ते एलईडी आणि तापमानासाठी शंभर टक्के बरोबर. पण मिलिसचा टिक सरळ १ मिलिसेकंदाचा नाही हे लक्षात असू द्या. टायमर० प्रीस्केलर ६४ वर २५६ मोजून ओव्हरफ्लो होतो, म्हणजे दर १.०२४ मिलिसेकंदाला. वरचे २४ मायक्रोसेकंद साठवत जातात आणि साठले की मिलिस एकदम २ ने वाढतो, साधारण दर ४२ मिलिसेकंदाला एक आकडा गाळला जातो. सरासरी बरोबर, पण ‘मिलिस बरोबर इतका झाला का’ असं == ने विचारणारा कधीतरी नक्की चुकणार.

दर १० मिलिसेकंदाचं अ‍ॅनालॉग रीडिंग नुसतं डिस्प्लेवर दाखवायचं असेल तर मिलिस चालेल. त्याच्यावर फिल्टर, पीआयडी (आपोआप नियंत्रणाचं गणित) असलं काही करणार असाल तर दोन नमुन्यांमधलं अंतर समान लागतं, तिथे टायमर. आणि खरं तर तिथे आयएसआरही नको. टायमर१ च्या कंपेअर मॅच बी ने एडीसी (अ‍ॅनालॉग व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) आपोआप सुरू करता येतो, ऑटो ट्रिगर म्हणतात त्याला. वेळ हार्डवेअर पाळतं, तुम्ही निवांत नंतर निकाल उचला. अ‍ॅनालॉग रीडला शंभरेक मायक्रोसेकंद लागतात, ते १ मिलिसेकंदाच्या आयएसआरमध्ये दर टिकला बसवलं की प्रोसेसरचा दहावा हिस्सा नुसता वाट बघण्यात गेला.

तसं तर एलईडी पण ९ नंबरला लावलात तर टायमर१ स्वतःच कंपेअर मॅचला पिन उलटवतो, कोडची एक ओळ चालायला लागत नाही. पण मग तो टायमर त्याच एका कामाला जुंपला जातो.

पुलअप

माझा एक प्रॉब्लेम इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. असाच टायमर१ चा कोड चालू होता, सर्वो जोडली आणि ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ व्हेक्टर ११’ असा एरर.

तारेवरची

सर्वो लायब्ररी उनोवर टायमर१ घेते. व्हेक्टर ११ म्हणजे टायमर१ कंपेअर ए. एका घराला दोन मालक. टायमर२ वर जा, फक्त तो ८ बिटचा आहे आणि त्याचे प्रीस्केलर वेगळे आहेत, ३२ आणि १२८ जास्तीचे, त्यामुळे सीएस बिट जसेच्या तसे उचलू नका. टोन (आवाज काढणारं फंक्शन) पण टायमर२ वापरतो, म्हणजे सर्वो आणि टोन दोन्ही असतील तर मिलिसवरच भागवा. आणि टायमर१ घेतला की ९ आणि १० वरचा पीडब्ल्यूएम गेला, टायमर२ घेतला की ३ आणि ११ वरचा.

कोर्टेक्सप्रेमी

एसटीएम३२ (दुसऱ्या घराण्यातली ३२ बिटची चिप) वाल्यांसाठी दोन शब्द, कारण एव्हीआरवरून इकडे आलं की हमखास फसायला होतं. एव्हीआरमध्ये आयएसआरमध्ये शिरलं की फ्लॅग आपोआप पुसला जातो, इथे यूआयएफ हा टायमरचा फ्लॅग तुम्हाला पुसावा लागतो, नाही पुसला तर आयएसआरमधून बाहेर पडल्या पडल्या परत आत, मेन प्रोग्राम कधी चालतच नाही. आणि तो सुरुवातीलाच पुसा. अगदी शेवटच्या ओळीत पुसला तर ते लिहिणं पेरिफेरलपर्यंत पोचायच्या आत आयएसआर संपतो आणि कधीकधी दुसऱ्यांदा फुकट चालतो.

एफ१०३ वर ७२ मेगाहर्ट्झला १ सेकंद हवा तर पीएससी (प्रीस्केलर) ७१९९ आणि एआरआर (मोजणीची हद्द) ९९९९, दोन्हीकडे एक वजा. टायमर२ ज्या बसवर आहे ती ३६ मेगाहर्ट्झची, पण बसचा प्रीस्केलर १ नसेल तर टायमरला दुप्पट क्लॉक मिळतो म्हणून ७२. ‘माझा टायमर दुप्पट वेगाने पळतोय’ असं ज्यांचं होतं त्यांचं इथेच होतं. आणि एचएएल डिले (इथला डिले) आयएसआरमध्ये नको, तुमच्या इंटरप्टची प्रायोरिटी सिसटिकच्या (त्या डिलेच्या घड्याळाच्या) वर किंवा बरोबरीची असेल तर कायमचं गोठणार. प्रायोरिटीचा आकडा लहान म्हणजे मोठा मान, हे उलटं आहे.

तारेवरची

अजून एक, कुणी विचारलं नाहीये तरी. वॉचडॉग (ठरलेल्या वेळात थोपटलं नाही तर बोर्ड रिसेट करणारा टायमर) लावणार असाल तर त्याला टायमरच्या आयएसआरमधून थोपटू नका. दिसायला सोयीचं असतं, दर अमुक मिलिसेकंदाला आपोआप. पण लूप कुठेतरी अडकला तरी आयएसआर मात्र इमाने इतबारे चालतच राहतो आणि वॉचडॉगला सांगत राहतो सगळं ठीक आहे म्हणून. एक यंत्र तीन आठवडे एका सेन्सरच्या उत्तराची वाट बघत उभं होतं, वॉचडॉग चालू असून. कोड माझाच होता.

जुनाखोड

आमच्याकडे एलईडी लुकलुकत होता म्हणून सगळं ठीक समजायचे, एलईडी आयएसआरमध्ये होता.

नवशिका_बिट

बापरे, माझाही आत्तापर्यंत तिथेच होता. लूपमध्ये हलवतो.

एक शंका राहिली, आता सगळं नीट चालतंय, डीएचटी वाचताना जाणारे टिकही मान्य केले, पण डीएचटी काढून टाकून रात्रभर ठेवलं तरी सकाळी जवळजवळ दोन मिनिटं फरक. आता कुठे गळतंय?

रजिस्टरकाका

कुठेही नाही. उनोवर ३२८ला क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो (जो चमकता धातूचा डबा दिसतो तो यूएसबीच्या चिपचा). रेझोनेटर ०.५ टक्क्यापर्यंत इकडे तिकडे असू शकतो, म्हणजे दिवसाला ४३२ सेकंद. रात्रभरात दोन मिनिटं त्या मर्यादेतच बसतात. वजा एक विसरला असतात आणि १५६२४ च्या जागी १५६२५ टाकलं असतंत तर दिवसाला साडेपाच सेकंद गेले असते, रेझोनेटरपुढे ते काहीच नाही. घड्याळ हवं असेल तर डीएस३२३१ ही घड्याळाची चिप लावा, खोलीच्या तापमानाला २ पीपीएम (दहा लाखात २), वर्षाला मिनिटभर. कामं वाटायला तुमचा टिक पुरेसा आहे.

लॉजिकगेट

जाता जाता, १० ची, १००० ची आणि २००० ची कामं सगळी शून्यावरून सुरू केली असतील तर दर दोन सेकंदाला तिन्ही एकाच टिकला अंगावर येतात. एलईडी ३ पासून सुरू करा, तापमान ७ पासून. लूपमधला सगळ्यात वाईट उशीर एकदम कमी होतो. फरक बघायचा असेल तर कामाच्या सुरुवातीला एक पिन वर आणि शेवटी खाली करून लॉजिक अ‍ॅनालायझरवर बघा, डिजिटलराइट नको, तो स्वतःच काही मायक्रोसेकंद खातो, सरळ पोर्टवर लिहा.

नवशिका_बिट

लॉजिक अ‍ॅनालायझर नाही, पण ३ आणि ७ केलं आणि ते दर दोन सेकंदाचं अडखळणं बरंचसं गेलं. डीएचटीचं थोडं राहिलंय, त्याच्या जागी आय२सीवरचा सेन्सर बघतोय.

आणि काका, राहवलं नाही म्हणून आज जुना कोड परत टाकला, ५ नंबरची वायर मुद्दाम अ‍ॅडॉप्टरच्या केबलला गुंडाळली आणि स्टॉपवॉच लावलं. पहिल्यांदा ५ मिनिटं १३ सेकंद, दुसऱ्यांदा ५ मिनिटं १२.